सिनेमा आवडण्याची पुणेरी कारणे

पुण्यात सिनेमा आवडायला कारण लागते. इतर गावांत माणूस तिकीट काढतो, अडीच-तीन तास बसतो, जमल्यास शिट्टी मारतो आणि घरी येऊन जेवतो. पुण्यातील चित्रपटरसिक शिट्टीपाशी अडतो, कारण त्याला आधी शिट्टीचे समर्थन हवे असते. ‘आवडला’ एवढेच बोलून कोणी गप्प बसले तर समोरचा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, आणि हे वाट पाहणे फार अपमानास्पद असते. त्यामुळे कोणता चित्रपट कोणत्या कारणाने आवडून घ्यावा, याची एक अलिखित पण कडक व्यवस्था या शहरात तयार झाली आहे. गंभीर, पुरस्कारप्राप्त आणि सबटायटल वाचत पाहायच्या चित्रपटांना तिची गरज पडत नाही. ते आवडले नाहीत तरच कारण द्यावे लागते. व्यवस्था आहे ती देमार, भुताखेतांच्या, धांगडधिंग्याच्या, तलवारबाजीच्या आणि ढसाढसा रडवणाऱ्या चित्रपटांसाठी, म्हणजे जे खरोखर पाहिले जातात त्यांच्यासाठी.

या व्यवस्थेचा उगम १९३३ सालापर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यात तयार झालेला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). नरबळी, कटकारस्थाने आणि पडदाभर दिसणारा राजगुरूचा डोळा असा हा ऐवज आजच्या बाजारात थरारपट म्हणूनच विकला गेला असता. पण दिग्दर्शक व्ही. शांताराम होते, कथेत अंध रूढींविरुद्ध विचार होता आणि तो डोळा टेलिफोटो भिंगाने टिपलेला होता. घाबरण्यासाठी एकाच वेळी तीन प्रतिष्ठित कारणे मिळाली. तेव्हापासून पुणेकर दचकण्याआधी भिंगाची चौकशी करतो.

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) हीच सोय अधिक पक्की केली. हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला जाणारे विमान आहे. करामती छायाचित्रणाच्या हिशेबाने तो चक्क ट्रिकपट ठरतो. पुण्यात त्याला संतपट म्हणतात आणि विमान पाहताना हात जोडतात, त्यामुळे तोंड उघडे पडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. या चित्रपटातील जिजाई हे पात्र अभ्यासकांनी नीट पाहावे. सगळा गाव भजनात रंगलेला असताना घरात दाणा आहे का असे विचारणारी आणि संताप अनावर झाल्यावर पायताण घेऊन थेट पांडुरंगावर चालून जाणारी ही बाई पुणेरी समीक्षेचा पहिला पूर्ण आविष्कार मानता येईल. देहू शहरापासून फार लांब नाही, तेव्हा हा गुण स्थानिक समजायला हरकत नसावी.

प्रभातचा तिसरा वारसा धुलाईचा. देव आनंद ‘हम एक हैं’ (१९४६) या पहिल्या चित्रपटासाठी प्रभातमध्ये असताना परिटाने त्याचा आणि गुरुदत्तचा शर्ट आपसांत बदलला, त्यातून ओळख झाली, ओळखीतून मैत्री, मैत्रीतून एकमेकांना काम देण्याचा शब्द, आणि त्या शब्दातून ‘बाज़ी’ (१९५१). जुगारी नायक, क्लबातली गाणी, खून असा सगळा मालमसाला त्यात आहे. मुंबईचा प्रेक्षक तो गीता दत्तच्या आवाजासाठी पाहतो. पुण्याचा प्रेक्षक तो पाहतो, कारण हिंदी गुन्हेगारीपटाचा एक मोठा प्रवाह पुण्यातील एका परिटाच्या हलगर्जीपणातून निघालेला आहे आणि आपल्या गावच्या हलगर्जीपणाची दखल आपण घ्यायची नाही तर कोणी?

प्रभातचा कारभार आटोपल्यावर त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. याचा आसपासच्या वस्तीवर झालेला परिणाम एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाने तपासण्यासारखा आहे. एरंडवणे, डेक्कन, प्रभात रस्ता या पट्ट्यात असा गृहस्थ हमखास आढळतो, ज्याचा निवृत्तीपर्यंत चित्रपटाशी संबंध केवळ तिकिटापुरता होता, पण जो कुरोसावा आणि फेलिनी यांच्याविषयी एकेरीत बोलतो. प्राध्यापक सतीश बहादूर यांनी रुजवलेला रसास्वादाचा अभ्यासक्रम उन्हाळ्यात भरत आला आहे. तो पूर्ण केलेला माणूस लक्ष्मीकांत बेर्डे चौकटीच्या कोणत्या बाजूने आत येतो आणि का, यावर विचार करू लागतो. हा विचार वाया जातो असे मुळीच नाही. वाक्य नेमके कधी टाकायचे याबाबतीत बेर्डे यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ते कळायला प्रमाणपत्र लागत नाही, हे प्रमाणपत्र हाती आल्यावर कळते.

संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर यांचे धोरण मात्र रसिकांनी फार सोयीस्करपणे उचलले. चांगला-वाईट ठरवत न बसता जे मिळेल ते जपले पाहिजे, असे नायर मानत. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे त्यांनी वणवण करून जमवले. या धोरणाचा आधार घेतला की काहीही पाहता येते. दुपारी घरी एकटा बसून तिसऱ्या दर्जाचा नागीणपट पाहताना सापडलेला रसिक आपण तो दस्तऐवज म्हणून पाहत आहोत असे सांगतो. नागिणीचा नाच दोनदा का पाहिला, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. दस्तऐवजाची एक प्रत सुरक्षित ठेवावी लागते, असे काहीतरी तो पुटपुटतो.

चित्रपटगृहांविषयी पुणेकराची भक्ती चित्रपटांहून जुनी आणि अधिक निरपेक्ष आहे. मंडईजवळचे ‘आर्यन’ १९१५ साली सुरू झाले. ते पडून दशके लोटली तरी त्याची जागा बोटाने दाखवणारे आहेत. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता जिथे मिळतात त्या चौकाला लोकमान्य टिळक चौक असे अधिकृत नाव आहे, तरी शहर त्याला अलका टॉकीज चौक म्हणते; विसर्जन मिरवणुकीच्या बातमीत तेवढे लोकमान्यांना त्यांचे नाव परत मिळते. अप्पा बळवंत चौकाजवळचे ‘प्रभात’ १९३४ पासून मराठी चित्रपटांचे घर होते. २०१४ अखेर भाडेकरार संपला आणि ते ‘किबे लक्ष्मी’ झाले. नवे नाव मूळ मालकांचे आहे, म्हणजे ऐतिहासिकदृष्ट्या अधिक बरोबर आहे. तरीही रिक्षावाल्याला ‘प्रभात’ असेच सांगितले जाते, आणि इतिहासाच्या बाबतीत पुणेकराने दाखवलेली ही बहुधा एकमेव सवलत आहे. इंग्रजी देमारपट पाहायला पूर्वी पेठा सोडून कॅम्पात ‘वेस्ट एंड’ला जावे लागे. पेठेतले कोणी ओळखीचे भेटणार नाही, हा त्या चित्रपटगृहाचा मोठा कलागुण होता. अडचण एवढीच, की तिथे भेटणारी सगळी मंडळी पेठेतलीच असत.

गणेशोत्सवात रस्त्यावर कापडी पडदा बांधून सिनेमा दाखवण्याची प्रथा चांगलीच मुरलेली होती. गर्दी दोन्ही बाजूंना बसे. मागून पाहणाऱ्यांना अक्षरे उलटी दिसत, एवढे सोडले तर त्यांना काही कमी पडत नसे. अमिताभ बच्चन डावखुरे आहेत. पडद्यामागच्या मंडळींनी मात्र त्यांना वर्षानुवर्षे उजव्या हाताने मारताना पाहिले. त्यातून झालेले वाद पुढे महाविद्यालयापर्यंत टिकले, आणि दोन्ही पक्ष प्रत्यक्षदर्शी असल्यामुळे त्यांचा निकाल लागणे शक्य नव्हते.

कारणांमध्ये सर्वांत वरचे कारण म्हणजे मूळ. लोकप्रिय चित्रपट कशावर बेतला आहे हे सांगता आले की तो पाहिल्याचा दोष जातो. ‘शोले’ (१९७५) निघाला की पाठोपाठ ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) येतो. ‘पिंजरा’ (१९७२) निघाला की ‘द ब्लू एंजल’ (१९३०). ‘माहेरची साडी’मागे (१९९१) राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’ आहे, हे माहीत असणारा माणूस मंडळींत मानाने बसतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सरळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’पर्यंत (१९६६) जातो आणि तिथून बंगालीत, बंगालीपर्यंत पोहोचलेल्या माणसाशी पुण्यात कोणी वाद घालत नाही. या छंदात एक धोका आहे. मूळ शोधून पाहिल्यावर नक्कलच जास्त आवडल्याचे ध्यानात येते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चे (१९९३) मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) असल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडचा बाहुलाही खून करत सुटतो, पण त्याला तात्या म्हणता येत नाही. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्र म्हणून रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरतो, तेव्हा अमेरिकन कल्पनेला प्रथमच घरगुती वळण मिळते. खुनी माणसालाही तात्या म्हणून आदर द्यावा लागतो, ही भीती मूळ चित्रपटात कुठून असणार?

कोठारे यांच्याच ‘धडाकेबाज’मधला (१९९०) खलनायक कवट्या महांकाळ. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ या तालुक्याच्या नावावर दुष्टाची पाटी रंगवण्याची ही युक्ती हॉलीवूडला सुचलेली नाही. हा चित्रपट आवडण्याचे मान्यताप्राप्त कारण तो मराठीतला पहिला सिनेमास्कोप मानला जातो, हे आहे. बाटलीतला गंगाराम रसिकाला पाठ असतो, पण तो पडद्याच्या रुंदीविषयी बोलतो.

विनोदी चित्रपटांबाबत सर्वांत अवघड जागा दादा कोंडके यांची. एकामागून एक रौप्यमहोत्सव करून गिनीजच्या पुस्तकात गेलेला हा नट-निर्माता न आवडणे हा खोटेपणा, आणि आवडणे हे सदाशिव पेठेत जाहीर करण्यासारखे नाही. चित्रपटांची नावेसुद्धा घरात मोठ्याने उच्चारता येत नाहीत. यातून वाट काढली ती वसंत सबनीस यांनी. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचे, ‘सोंगाड्या’चे (१९७१) लेखनही त्यांचे. तेव्हा आपण दादांना नव्हे, सबनीसांच्या शब्दांना हसत होतो, असे म्हणता येते. पुढे दादा स्वतःच लिहू लागले त्या चित्रपटांपुरते रसिक लोकनाट्याच्या परंपरेकडे वळतात. तिथेही भागले नाही तर सेन्सॉर बोर्डाचा निषेध करण्यासाठी तिकीट काढल्याचे सांगतात.

‘अशी ही बनवाबनवी’ही सबनीसांचाच, पण त्याला सबनीसांची गरज उरलेली नाही. पुण्यात भाड्याने जागा मिळवण्यासाठी दोघा पुरुषांना बायका व्हावे लागते, हे कथानक मुंबईत विनोद म्हणून पाहिले जाते. पुण्यात ते गृहनिर्माण विषयाखाली मोडते. घरमालक विश्वास सरपोतदार यांच्या भूमिकेतील सुधीर जोशी यांना शहरातील खरे घरमालक खलनायक मानतच नाहीत. भाडेकरू ठरल्यापेक्षा जास्त माणसे आणून ठेवतो आणि वर मधुमेहाच्या औषधाच्या नावाखाली सत्तर रुपयांचा हिशेब बुडवतो, यात सरपोतदारांची चूक काय, असे ते विचारतात. हा प्रश्न बरोबर आहे. एकाच चित्रपटाला भाडेकरू आणि घरमालक एकाच रांगेत बसून वेगवेगळ्या ठिकाणी हसतात, ही किमया गेल्या साठ वर्षांत फार थोड्या मराठी चित्रपटांना साधली आहे.

भयपटांच्या बाबतीत पुणे स्वतःला अधिकारी समजते, कारण नारायण धारप इथले. समर्थांच्या कथा वाचून रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला न गेलेली एक अख्खी पिढी आता ज्येष्ठ नागरिक आहे. ‘तुंबाड’ (२०१८) आला तेव्हा या पिढीला कारणे शोधावीच लागली नाहीत. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देणारे, बीज धारपांच्या ‘आजी’ कथेतले, त्या कथेमागे पुन्हा स्टीफन किंग, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. भूत दिसायच्या आत चार संदर्भ झाले. शिवाय नायक विनायकराव पुण्याचा. तो कोकणात जातो, जीव मुठीत धरून हस्तरकडून सोन्याची चार नाणी आणतो, आणि ती संपली की परत जातो. लोभाला असे हप्ते पाडून देणारा माणूस पुण्यातच राहू शकतो, याबद्दल मतभेद नाहीत. हस्तरपेक्षा रसिकांना पटला तो पाऊस. ‘कोकणातला पाऊस बरोबर दाखवलाय’ हे पुण्यात भयपटाला मिळू शकणारे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. आपण तो २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात पाहिला, असे सांगणाऱ्या सर्वांनी तेव्हा खरोखर तिकीट काढले असते तर ही दुसरी खेप लागली नसती.

‘मुंज्या’ने (२०२४) मात्र परीक्षा पाहिली. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मूकपटांच्या काळातील नानासाहेब सरपोतदार यांच्या घराण्यातले. त्या नानासाहेबांनी पुढे लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउस काढले, म्हणून चित्रपट आवडायला खाद्यपरंपरेचेही कारण मिळते. कथेतला नायक पुण्यात राहतो, पिंपळ कोकणात. आक्षेप निघाला तो शास्त्रार्थाचा. मुंज झालेला पण सोडमुंजीच्या आत मेलेला बटूच मुंजा होतो, तो लग्नासाठी एवढा हट्ट धरील का, त्याचे राहण्याचे झाड कोणते, पार बांधलेला असावा की नसावा, यावर मध्यंतरातच परिसंवाद झडले. त्यात सर्वांत हिरिरीने बोलणाऱ्यांनी जानवे शेवटचे कधी घातले होते, हा प्रश्न कोणी काढला नाही. याच दिग्दर्शकाचा ‘झोंबिवली’ (२०२२) डोंबिवलीत घडतो. झाँबी पुण्यात आले असते तर एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांत अडकून पडले असते, एवढे मत देऊन पुण्याने तो विषय मिटवला.

ऐतिहासिक चित्रपट हा पुण्यात पाहण्याचा नसून तपासण्याचा प्रकार आहे. पेशवाईवर चित्रपट निघाला की शनिवारवाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर राहणारा प्रत्येक जण साक्षीदार होतो. ‘बाजीराव मस्तानी’च्या (२०१५) वेळी काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, पुण्यात निदर्शने झाली, काही खेळ रद्द झाले. रसिकाचा आक्षेप त्याहून मूलभूत होता. १८२८ च्या आगीनंतर वाड्याची तटबंदी, जोती आणि हजारी कारंज्याचा हौद एवढेच उरलेले आहे. त्या जोत्यांवर एवढा आरसेमहाल मावतो का, हे त्याने रविवारी सकाळी पावले टाकून मोजून पाहिले. मावत नाही. पुढच्या रविवारी तो चित्रपट पुन्हा पाहून आला, कारण पहिल्या खेपेला आरसे मोजायचे राहिले होते.

‘तान्हाजी’ (२०२०) तपासायला तर दर शनिवार-रविवारी सिंहगड चढणारी फौज तयारच होती. कल्याण दरवाजा कुठे, डोणागिरीचा कडा कुठे, नागीण नावाची ती अजस्र तोफ वर चढवली कुठून, आणि घोरपडीची गोष्ट खरी नव्हेच, हे सगळे गडावर पिठले-भाकरी खाता खाता ठरले. गड तीनशे पन्नास वर्षांपूर्वी एका रात्रीत सर झाला. त्यावरच्या चित्रपटाचा निकाल लागायला तीन महिने लागले. ‘छावा’मधले (२०२५) लेझीमचे दृश्य आक्षेपांमुळे प्रदर्शनाआधीच काढून टाकण्यात आले. त्यामुळे ते न पाहिलेले दृश्य चुकीचे होते की बरोबर, यावर दोन्ही बाजूंना पूर्ण आत्मविश्वासाने बोलता आले. दिग्पाल लांजेकर यांच्या शिवपटांच्या मालिकेतील ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) लाल महालावरील छाप्याचा आहे. पुण्यात तो पाहताना प्रेक्षक पळून जाणाऱ्या शायिस्ताखानाला मनातल्या मनात रस्ता सांगत असतात. एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. या तपासणीत डोळे कोरडे राहत नाहीत. ‘पावनखिंड’च्या (२०२२) शेवटी पुण्यातले चित्रपटगृहही इतर कोणत्याही गावासारखेच नाक ओढत होते. बाहेर आल्यावर तेवढी तोफांच्या आवाजांची मोजणी सुरू झाली.

गुन्हेगारीच्या काळ्या चित्रपटांना पुण्यात तसा वाव कमी. निखिल महाजन यांचा ‘पुणे ५२’ (२०१३) हा १९९२ च्या पुण्यात घडणारा, अमर आपटे नावाच्या खाजगी गुप्तहेराचा चित्रपट चांगला आहे आणि त्याला मिळायला हवे होते तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. कारण उघड आहे. ज्या शहरात समोरच्या गॅलरीतल्या आजींना सगळे आधीच माहीत असते, तिथे गुप्तहेराने पैसे कशाचे घ्यायचे, हे प्रेक्षकांच्या गळी उतरले नाही.

विज्ञानपटांसाठी शहराने दोन प्राधिकरणे ठेवली आहेत. एक आयुका, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली सुरू झालेली. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) आवडला की नाही, हे पुणेकर सांगत नाही. आयुकात काम करणाऱ्या कोणाच्या तरी भाच्याचे त्यावर काय म्हणणे पडले, ते सांगतो. नारळीकरांनी मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली, पण मराठी विज्ञानपट मात्र बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) अभियांत्रिकी महाविद्यालयात घडतो, आणि पुण्यात तशी महाविद्यालये एवढी आहेत की प्रेक्षकांनी त्यातले विज्ञान सोडून वसतिगृह तपासले. दुसरे प्राधिकरण म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संस्था, फिल्म इन्स्टिट्यूटच्याच लॉ कॉलेज रस्त्यावर. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला तिथल्या पंडितांनी १९१९ ते १९६६ एवढा काळ घेतला. ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) या तेलुगू भविष्यपटात अश्वत्थामा अमिताभ बच्चन यांच्या रूपाने यंत्रांशी लढतो, तेव्हा पुण्याचा रसिक हे चिकित्सक आवृत्तीत आहे की प्रक्षिप्त, असा प्रश्न करतो. उडत्या मोटारींबद्दल त्याची तक्रार नसते. त्या पार्क कुठे करतात, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

दक्षिणेकडच्या देमारपटांचा प्रश्न अलीकडे सोपा झाला. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड, मूळ गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार, जिल्हा पुणे. त्यामुळे त्याने हवेत सिगारेट झेलली तरी ती जिल्ह्याबाहेर जात नाही. हिंदी ‘बाहुबली’चा आवाज शरद केळकर यांचा, हिंदी ‘पुष्पा’चा श्रेयस तळपदे यांचा. डोळे मिटून पाहिले तर दोन्ही मराठी चित्रपटच आहेत. उत्तरेकडच्या गावगुंडांच्या चित्रपटांना अशीच सोय वाईने करून दिली. ‘गंगाजल’चा (२००३) बिहार तिथे, ‘दबंग’चा (२०१०) उत्तर प्रदेश तिथे, ‘स्वदेस’चा (२००४) घाट शेजारच्या मेणवलीला. नायक गुंडांना बदडत असताना पुण्याच्या प्रेक्षागृहातून ‘अरे, आपण इथे मिसळ खाल्ली होती!’ असा आवाज येतो. मराठी विश्वकोशाचे कामही वाईतच चालत आले आहे. सर्व भारताचा पसारा एका गावात बसवण्याची कला तिथे आधीपासून आहे.

प्रेमपटांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) दोन बिननावाची पात्रे दिवसभर भांडत पुण्यात फिरतात. ती प्रेमात पडली की नाही यापेक्षा एका चौकातून वळल्यावर ती भलत्याच पेठेत कशी निघाली, हा वाद जास्त रंगला. लकडी पुलावर दुचाकीला अनेक वर्षे बंदी होती. पडद्यावरचा प्रेमी स्कूटर घेऊन त्या पुलावर चढला की पुणेकराच्या दृष्टीने ते प्रेम टिकणारे नसते. ‘सैराट’च्या (२०१६) वेळी तेवढी सगळी यंत्रणा कोलमडली. ‘झिंगाट’ सुरू होताच लोक खुर्च्या सोडून नाचू लागले आणि पुण्यातही नाचले. आपण उभे राहिलो ते अंधारात गेलेली चप्पल शोधायला, असे काहींनी नंतर सांगितले. चप्पल संपूर्ण गाणेभर सापडली नाही आणि गाणे संपताच सापडली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा आधार घेऊन पुढे या नाचाला सामाजिक आशयही जोडण्यात आला, जो चित्रपटात होताच, नाचणाऱ्यांना तो शेवटच्या पाच मिनिटांत कळला आणि कोणीही काहीही न बोलता बाहेर पडले.

जानेवारीच्या सुमारास या सगळ्या मंडळींचे शुद्धीकरण होते. २००२ पासून जब्बार पटेल यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात गळ्यात ओळखपत्र अडकवून रसिक रांगेत उभे राहतात आणि इराण, पोलंड, जॉर्जिया येथील उदास माणसे पाहतात. यातले काही चित्रपट अप्रतिम असतात. मात्र सकाळच्या खेळाला झोप लागली तरी ती चित्रपटाच्या संथ लयीशी एकरूप झाल्याची खूण मानली जाते, अशी सवलत ‘तात्या विंचू’ला कधी मिळाली नाही. रांगेतल्या गप्पा ऐकाव्यात. पोलिश दिग्दर्शकापासून सुरू झालेली चर्चा दाराशी पोहोचेपर्यंत कवट्या महांकाळवर आलेली असते, आणि आवाज चढलेले असतात ते दुसऱ्या विषयावर.

काही चित्रपटांना मात्र कोणतेच कारण लागू पडत नाही. मूळ सापडत नाही, लेखक मोठा नाही, इतिहास नाही, पाऊससुद्धा चुकीचा. यासाठी नातेवाईक ठेवलेले आहेत. ‘माहेरची साडी’ आईसाठी पाहिला, सलमान खान मुलांसाठी, बाहुल्यांचा आणि कवट्यांचा नातवासाठी. स्त्रिया या बाबतीत जास्त सरळ. आपण रडलो, चार रुमाल भिजले, पैसे वसूल झाले, असे त्या सांगून मोकळ्या होतात आणि त्यांच्या या एका वाक्यात बहुतेक समीक्षा बसते. नातू मोठा होऊन परगावी गेल्यावर पुरुष रसिकाची पंचाईत होते. तो मग कामाच्या दिवशी दुपारच्या खेळाला एकटाच जातो, शेवटच्या रांगेच्या कडेची खुर्ची घेतो, आणि मध्यंतरात दिवे लागल्यावर त्याच्या लक्षात येते की तीन खुर्च्या सोडून सोसायटीचे सेक्रेटरी बसले आहेत, तेही एकटेच. दोघेही एकमेकांना चित्रपटाबद्दल काही विचारत नाहीत. या चित्रपटगृहातला वातानुकूलनाचा गारवा पूर्वीसारखा राहिलेला नाही, यावर त्यांचे एकमत होते आणि मध्यंतर संपल्याची घंटा होण्याआधीच दोघे घाईने जागेवर जाऊन बसतात.